‘सगळं धरून’ भाडं ठरवण्याआधी

पुणे,
८ मार्च

प्रिय मेघा,

तुझा परवाचा मेसेज वाचला. फोनवर बोलायला घेतलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहूनच पाठवतेय. वाकडचा तो वन बीएचके तुझ्या मनात भरलाय, हे कळलं. भाडं सगळं धरून २६ हजार, डिपॉझिट १ लाख. लाइट, पाणी, मेंटेनन्स, वायफाय कशाकडेच बघायला नको. सोलापूरहून नव्या नोकरीवर येताना, त्यात काकू सोबत असताना, महिन्याला एकच आकडा देऊन मोकळं व्हायचं याचं मोल मी जाणते. तरी माझं ऐकशील तर लाइटबिल त्यातून बाहेर काढ. बाकीचं भाड्यात राहू दे, लाइट मात्र मीटरप्रमाणे तू भर.

मेंटेनन्सची गोष्ट वेगळी आहे. ते तुमच्या वापराने कमी-जास्त होत नाही. सोसायटी बिल मालकाच्या नावाने काढते. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात तेही त्यालाच, आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर ते लावता येत नाहीत. त्यामुळे मालक तो आकडा आधीच धरून भाडं सांगतो, त्यात तुझं नुकसान नाही. विजेचं तसं नसतं. बिल त्याच्या खिशातून जायला लागलं की त्याचं लक्ष तुझ्या पंख्याकडे. माझ्या पहिल्या घराचे मालक वरच्याच मजल्यावर राहायचे. एप्रिलमध्ये कूलर सुरू केला आणि दोनच दिवसांत त्यांनी मला जिन्यात गाठलं, “ताई, रात्रभर चालू असतो का हो?” माणूस वाईट नव्हता, बिल त्याला भरायचं होतं. पण काकू दिवसभर घरात असणार. भर उन्हाळ्यात दुपारी त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद करा असं कुणी सुचवलेलं मला खपणार नाही.

तुझ्या मालकाने ‘ठरावीक युनिटपर्यंत’ असं काही म्हटलंय का? बहुतेक ठिकाणी म्हणतात, पण ते घर दाखवताना नाही, सही करताना. त्याला सरळ विचार: किती युनिट, आणि त्यावर गेलं तर कुठल्या दराने? इथेच खरी मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० जवळजवळ दुप्पट, त्याच्या वर आणखी महाग. आता समज, मालकाने एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडं ठेवली आणि प्रत्येकाने १०० युनिट वापरले. वेगवेगळे मीटर असते तर तिघांनाही स्वस्त टप्पा मिळाला असता. एका मीटरवर मात्र ३०० होतात आणि त्यातले २०० वरच्या दराने जातात. मग मालक प्रत्येक बिऱ्हाडाला सबमीटर, म्हणजे वापर मोजायला मुख्य मीटरखाली आपला खासगी मीटर, बसवतो आणि सरसकट एकच दर लावतो. त्याचाही नाइलाज असेल, पण दोघींच्या संसाराचा थोडका वापर असलेल्या तुला त्याचा भुर्दंड कशाला?

म्हणून शनिवारी फ्लॅट बघायला जाशील तेव्हा वॉचमनला मीटररूम उघडायला सांग. बहुतेक इमारतींत ती जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये असते. ओळीने मीटर, खाली फ्लॅटचे नंबर रंगवलेले. आपल्या नंबरचा मीटर शोध. त्यावर एक बारीक लाल दिवा असतो, वीज जाईल तसा तो लुकलुकतो. कुणाला तरी फ्लॅटमधलं मेन स्विच पाडायला सांग आणि तू खाली थांब. दिवा लुकलुकायचा थांबला तर निदान त्या घडीला मीटरवर दुसऱ्या कुणाचा भार नाही. चालूच राहिला, तर दुसऱ्या कुणाचा तरी भार त्यावर आहे: पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, नाहीतर शेजारची खोली. आमच्या बिल्डिंगमधल्या एका जोडप्याला असंच कळलं की टाकीची मोटर कित्येक महिने त्यांच्याच मीटरवर चालत होती.

आणि मालकाकडून जुनं बिल मागून घे. १२ आकडी ग्राहक क्रमांक असला की महावितरणच्या ॲपवर पुढची बिलं तुझी तुला दिसतील. बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. मे महिन्याचा आकडा बघ, घर किती तापतं ते त्यावरून कळेल.

पाण्याचं एक विचारून घे. वाकड ज्यात येतं त्या पिंपरी-चिंचवडला महापालिकेचं पाणी २०१९पासून दिवसाआड येतं, आणि उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात. ती वर्गणी ‘सगळं धरून’मध्ये धरलीय का? पाइप गॅसचंही तेच. वायफाय तुझ्या एकटीचं की मजल्याचं, एवढं बघ, घरून काम करायचं असेल त्या दिवशी अडायला नको.

ठरेल ते सगळं करारात यायला हवं. काय भाड्यात आहे, काय नाही, घरात पाऊल टाकताना मीटरचं रीडिंग किती होतं, सगळं. ११ महिन्यांचा असला तरी करार नोंदवावाच लागतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५ तेच सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. “कशाला खर्च, नोटरी करू” असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्या भाड्यात डिपॉझिटवरचं १० टक्के व्याजही धरतात. तुझ्या आकड्यांवर ते हजाराच्या आतच बसतं, वर नोंदणी फी १ हजार. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. भाड्याच्या पावत्याही दर महिन्याला घेत जा. घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं १ लाखावर असेल, तर मालकाचा पॅन नंबर लागतो. तो आधीच मागून ठेव.

मालकाशी बोलताना एवढंच म्हण: भाडं २४ हजार करा, लाइट मी मीटरप्रमाणे भरते. त्यातही त्याचा फायदाच आहे, कारण उन्हाळ्याच्या बिलाची धास्ती त्याच्या डोक्यावरून जाते. तो ठाम ‘नाही’ म्हणाला, तर कारण विचार. नीट सांगता आलं नाही तर दुसरं घर बघू. पिंपळे सौदागर, रहाटणीला माझ्या ओळखीचे दोन एजंट आहेत.

कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचते. शनिवारी सकाळी मला सुट्टी आहे, म्हणशील तर मीही येते. तू मेन स्विच पाड, मी मीटरपाशी थांबते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
अनघा