सामानासकट घर विकताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. काका-काकूंचं घर सामानासकट विकायचा तुमचा विचार मला पटला. तू तिकडे लांब, ताईला तब्येतीमुळे धावपळ झेपत नाही, आणि तो मोठा पलंग तुमच्या दोघांच्याही घरात मावणार नाही. वापरलेलं फर्निचर सुटं विकायला काढलं की मातीमोल भावानं जातं, शिवाय ते हलवायचा खर्च आपल्याच अंगावर पडतो. त्यापेक्षा ते जागच्या जागी राहिलेलं बरं. फक्त एक कर. काय राहणार आणि काय तुम्ही नेणार, हे पहिलं गिऱ्हाईक दारात यायच्या आधी ताईबरोबर बसून कागदावर उतरव.

इतकं कळकळीनं सांगतोय, कारण मामांच्या घराच्या वेळी मी तिथे होतो. बैठकीच्या खोलीत छताला एक पितळी दिवा टांगलेला होता, मामींच्या माहेरचा. तो त्या नेणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण घेणाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घर बघायला आलेल्या बाई त्या दिव्याखाली बराच वेळ उभ्या होत्या. ताब्याच्या दिवशी त्या आल्या, तर छतातून वायरीची दोन उघडी टोकं लोंबत होती. बाईंचा चेहराच उतरला. ‘सामानासकट’ म्हटल्यावर दिवा आलाच, असं त्यांनी धरलं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. शेवटी मामींनी दिवा परत पाठवला. पुढे कित्येक महिने त्यांनी त्या घराचं नाव काढू दिलं नाही.

भिंतीला, छताला किंवा जमिनीला पक्कं बसवलेलं घराबरोबर जातं आणि उचलून नेता येतं ते मालकाचं, असं साधारण धरतात. भांडणं होतात ती मधल्या वस्तूंवरून. स्क्रूनं अडकवलेला आरसा, पडदे आणि त्यांच्या दांड्या, भिंतीवरचा टीव्ही, ओट्याखाली बसवलेलं यंत्र, अंगणातल्या मोठ्या कुंड्या. याबाबतचे नियम सगळीकडे सारखे नसतात, म्हणून अशा प्रत्येक वस्तूचं नाव यादीत येऊ दे. ‘झोपायच्या खोलीतलं फर्निचर’ असं मोघम लिहू नकोस. पलंग गादीसकट की गादीशिवाय, सोफ्याचं कापड कुठे विरलंय, कपाटाचं कोणतं दार नीट लागत नाही, हे सगळं लिही आणि फोटो जोड. फ्रिज, पंखे, गिझर घेणाऱ्यासमोर चालू करून दाखव. वस्तू आहे त्या स्थितीत दिली, पुढच्या दुरुस्तीची जबाबदारी आपली नाही, असं स्पष्ट वाक्य हवं. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि ती कराराला जोडा. हे वकिलाकडूनच करून घे.

किमतीचं मात्र थंड डोक्यानं बघ. काकांनी तो सागवानी पलंग किती हौसेनं करून घेतला हे तुला-मला माहीत. घेणाऱ्याला तो जुना पलंग दिसणार, आणि त्याचा त्यात काही दोष नाही. कर्ज देणारे सहसा घराचंच मूल्य धरतात, त्यामुळे सामानाचे पैसे घेणाऱ्याला बहुधा स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. आकडा मोठा लावलास तर चांगलं गिऱ्हाईक तिथेच अडेल. कुणी तुला सुचवेल की सामानाची किंमत फुगवून घराची कमी दाखवा, म्हणजे कर वाचेल. त्या वाटेला अजिबात जाऊ नकोस. करखात्यानं विचारलं तर जुन्या सोफ्याची ती किंमत कशी पटवून देणार? आज बाजारात जे येईल तेच सामानापुढे लिही, आणि घराचा आकडा वेगळा ठेव.

सगळ्यांनाच भरलेलं घर नको असतं, हेही धरून चाल. बदली होऊन आलेल्याला किंवा घर भाड्यानं देऊ पाहणाऱ्याला सामान सोयीचं वाटतं. स्वतःचा संसार घेऊन येणाऱ्याला मात्र ते अडगळ वाटेल आणि तो रिकामं करून मागेल. त्या एका कारणावरून त्याला परत पाठवू नकोस. रिकामं करायला किती खर्च येईल ते आधीच विचारून ठेव. आणि पलंग पुढे ओढून मागची बाजू बघ. वाळवी असेल तर ती आपल्याला आधी कळलेली बरी.

सगळ्यात आधी मात्र काकूंचं कपाट. कप्प्यांच्या तळाशी त्या जुनं वर्तमानपत्र अंथरायच्या, आठवतं? ते उचलून बघ. पावत्या, पत्रं, तुमचे लहानपणचे फोटो, सगळं त्याखाली सरकवून ठेवायची त्यांची सवय होती. हे काम सामान हलवणाऱ्यांवर सोडू नकोस, आणि एकटाही करू नकोस. ताईला बसायला खुर्ची दे आणि एकेक कप्पा तिच्यापुढे आणून ठेव. जे ठेवायचं ते त्याच दिवशी घराबाहेर ने, मग जाहिरातीसाठी फोटो काढ. फोटोत दिसलेली वस्तू माणसाच्या मनात बसते.

यादीचा कच्चा कागद झाला की मला पाठव, मी नजर फिरवतो. ताब्याच्या आदल्या दिवशी घेणाऱ्याबरोबर यादी हातात घेऊन खोली-खोली फिरायचं आहे, त्या दिवशी मी येईन. तारीख ठरली की लगेच कळव. ताईला तब्येत जपायला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र