कूलरला पाणी नाही आणि एसीला वीज पुरत नाही

महोदय,

आमच्या परभणीत एप्रिल संपता संपता पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत नोंदला गेलेला कमाल तापमानाचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत छापून येतो. ज्याने माणसे खरी हैराण होतात, तो रात्रीच्या किमान तापमानाचा आकडा मात्र बातमीच्या तळाशी कुठेतरी असतो, किंवा नसतोच. दिवसाचे तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक असताना रात्रीचे तापमान सरासरीच्या किमान साडेचार अंश वर राहिले, तर भारतीय हवामान विभाग त्या रात्रीची ‘उष्ण रात्र’ अशी नोंद करतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही गारवा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते. म्हणून आपल्या दैनिकाने उन्हाळाभर हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापावेत, अशी माझी पहिली विनंती आहे.

माझी आई ८४ वर्षांची असून तिला रक्तदाबाचा त्रास आहे. आमचे घर स्लॅबचे आहे. मे महिन्यात रात्री अकरा वाजता तिच्या पलंगामागच्या भिंतीला हात लावला, तर ती चुलीशेजारच्या भिंतीसारखी गरम लागते. इतकी वर्षे आम्ही कूलरवर भागवले. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो आणि वीजही जेमतेम दोनशे वॅटच्या आसपास खातो. पण त्याला दिवसाला चार-पाच बादल्या पाणी लागते, आणि आमच्या भागात उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो. गेल्या वर्षी एका दुपारी टाकी कोरडी पडल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही. कूलरचे गवत वाळून कडक झाले होते आणि तो तासभर आईच्या अंगावर नुसता गरम वारा फेकत होता. मी खोलीत गेलो, तेव्हा तिला आपण कुठे आहोत हेही धड सांगता येत नव्हते. हवा ४० अंशांच्या पुढे तापली की पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे मला त्यानंतर कळले. दवाखान्यातून तिला घरी आणल्यावर त्याच आठवड्यात आम्ही एसी बसवला. अशा घरांतील एसीला कोणी चैन म्हणू नये.

परंतु एसीने प्रश्न मिटला, असे मी म्हणणार नाही. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेतो. रात्रभर चालला तर महिन्याचा वापर सहज तीनशे युनिटांच्या पुढे जातो आणि तेथून युनिटचा दर आणखी चढतो. एसीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे घेणारे वाढणार हे उघड आहे. आमच्या गल्लीत तीन वर्षांपूर्वी एक एसी होता, आज सात आहेत आणि गल्लीला वीज पुरवणारी डीपी (ट्रान्सफॉर्मर) मात्र तीच आहे. रात्री दहाच्या सुमारास फ्यूज उडतो, तेव्हा ज्यांच्याकडे एसी नाही त्यांचे पंखेही बंद पडतात. आमच्या घरामागे पत्र्याच्या दोन खोल्यांत बांधकामावरील मजुराचे कुटुंब राहते. आमच्या एसीचे बाहेरचे यंत्र नेमके त्यांच्या खिडकीसमोर गरम हवा सोडत होते. त्यांची लहान मुलगी खिडकीला ओले पोते बांधताना दिसली, तेव्हा आमच्या हे ध्यानात आले. ते यंत्र आम्ही गच्चीवर हलवून घेतले, पण एवढ्याने पत्र्याची खोली गार होत नाही.

मुळात आपली घरेच बदलली. तुळया आणि त्यांवरच्या लाकडी किलचनावर हातभर पांढरी माती घातलेली माळवदे उन्हाळ्यात गार राहत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छते आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर लोकांनी पत्रा आणि स्लॅब जवळ केला, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मात्र भूकंपात टिकणारे घर उन्हातही राहण्याजोगे असावे, याचा विचार तेव्हा झाला नाही आणि आज घरकुले मंजूर करतानाही होताना दिसत नाही. छतावर ऊन परतवणारा पांढरा लेप देणे हे एसीच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चाचे काम आहे. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्येच त्यासाठी स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले. आपल्याकडे निदान घरकुलांच्या अंदाजपत्रकात या लेपाचा खर्च धरावा आणि नव्या बांधकामाला परवानगी देताना तो सक्तीचा करावा.

डीपींची क्षमता वाढवण्याचे काम मे महिन्यात डीपी जळाल्यावर नव्हे, तर संक्रांत ते होळी या काळात व्हायला हवे. पत्र्याच्या घरांतील वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी प्रत्येक प्रभागात समाजमंदिराची किंवा वाचनालयाची एक तरी खोली एसी व पिण्याच्या पाण्यासह एप्रिल-मेमध्ये खुली ठेवावी, आणि ती संध्याकाळी सहाला बंद न करता रात्रभर उघडी राहावी.

आपला नम्र,
एक वाचक, परभणी