दादा, तुमची सुतळी मी सोडलेली नाही

दादा,

डोळ्यावरची पट्टी आता निघाली असेल. महिनाभर धुळीत आणि उन्हात जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे आपल्या मातीच्या टेनिस कोर्टावर येणं आलंच नाही. हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय, त्याला कारण आहे. क्लबच्या लाकडी पाटीवर इतक्या वर्षांच्या विजेत्यांची नावं रंगवलेली आहेत. त्यातल्या कितीतरी जणांना पहाटे बॉल टाकून टाकून तयार करणाऱ्या मार्करचं, म्हणजे तुमचं, नाव त्या भिंतीवर कुठेच नाही. यंदा महिला दुहेरीत माझं नाव तिथे लागणार आहे. रंगारी येण्याआधी मला हे लिहायचं होतं.

२०२१ साली दिवाळीनंतर मी तुमच्याकडे आले तेव्हा चाळिशीला लागले होते. त्याआधीची दोन वर्षं मी टेनिस कमी खेळले आणि टेनिसचे व्हिडिओ जास्त पाहिले. दर आठवड्याला रॅकेटची पकड बदलायची. एका शिबिरात तर एका दिवसात पकड, पाय, खांदा, मनगट आणि नजर अशा पाच गोष्टी दुरुस्त करून मिळाल्या होत्या. बॉल समोरून येईपर्यंत त्या पाचही आठवायच्या आणि बॉल जाळीत जायचा. आपल्या हातून हे होणार नाही, असं मनात पक्कं होत चाललं होतं.

पहिल्या दिवशी तुम्ही काहीच शिकवलं नाहीत. चाळीस बॉल टाकलेत आणि प्रत्येक चुकीला एक खडा उचलून ठेवलात. शेवटी मला बोलावून तीन ढीग दाखवलेत. जाळीत गेलेले एकोणीस, मागे बाहेर गेलेले सहा, बाजूला गेलेले दोन. "मॅडम, तुमचं सगळं जाळीत जायलंय. हात कसा जातोय ते नंतर बघू की. आधी बॉल वरनं घालवू." मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. दोन वर्षांत माझ्या चुका मोजाव्यात हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर जाळीच्या दोन्ही खांबांना बांबू बांधलेले आणि जाळीच्या वर दोनेक फुटांवर सुतळी ताणलेली. लांबून दिसावी म्हणून तिला जुन्या चादरीच्या चिंध्या लावलेल्या. काम एकच, बॉल सुतळीवरून घालायचा आणि मागच्या रेषेच्या आत पाडायचा. पहिले तीन दिवस माझा प्रत्येक बॉल मागच्या कुंपणाला जाऊन लागला. हळू मारला तर सुतळीला लागायचा, जोरात मारला तर बाहेर. "मनगट कसं ठेवू?" म्हणून मी किती वेळा विचारलं असेल! तुमचं उत्तर ठरलेलं होतं, "सुतळीवरनं घाला, आत पाडा. तेवढंच."

नवव्या की दहाव्या दिवशीची गोष्ट. साडेसहा वाजले होते, नुकतं पाणी मारलेल्या मातीचा वास येत होता. एक बॉल मारला आणि त्याचा आवाजच वेगळा आला. नेहमीचा 'टप्प' नाही, तारा घासून गेल्यासारखा. बॉल सुतळीच्या हातभर वरून गेला, वाटलं हाही बाहेर जाणार, आणि मध्येच कुणी खाली दाबल्यासारखा रेषेच्या आत पडून उसळला. माझी रॅकेट डाव्या खांद्यावर येऊन थांबली होती. व्हिडिओ बघून बघून दोन वर्षांत जी जमली नव्हती, ती खालून वर जाणारी झेप हाताने स्वतःच शोधून काढली होती. पुढे फिरत जाणाऱ्या बॉलला हवा खाली दाबते, म्हणून उंचावरून जाऊनही तो आत पडतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हाताला ते त्या सकाळी कळलं. तुम्ही फक्त "हां" म्हणालात आणि पुढचा बॉल टाकलात.

बॉल सातत्याने आत टाकायचा की स्ट्रोक सुधारायचा, हा घोळ मी दोन वर्षं मनात घेऊन फिरत होते. तुम्ही बॉलला जायची वाट दाखवलीत आणि त्या वाटेने जायचं तर हाताला तसा स्ट्रोक करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

मग रॅली, म्हणजे न चुकता बॉल परतवत राहायचं. वीस बॉल, तेही फक्त तिरके. सरळ रेषेत मारला की तुम्ही तो परतच करायचा नाहीत. मला राग यायचा. एका रात्री घरी कागदावर मांडून पाहिलं. कोर्टाची लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७. कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण निघतो साडेब्याऐंशी फूट, म्हणजे बॉलला साडेचार फूट जास्त जागा. शिवाय जाळी खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्ये तीनच फूट, म्हणजे तिरका बॉल सगळ्यात बुटक्या जागेवरून जातो. मी धावत येऊन तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही हसलात, म्हणालात, "आम्हाला आकडे कुठले ठाऊक, पण तिकडनं जातोय खरा." दहाव्या वर्षापासून बॉल उचलत आलेल्या माणसाला ते पायांनी माहीत होतं.

तुमची मोजणी माझ्या अजून कानात आहे. सतराव्या बॉलला चुकले तरी आवाजात बदल नाही, उसासा नाही. पुढचा बॉल टाकून पुन्हा "एक". फेब्रुवारीत आपले वीस झाले.

बॅकहँडला तुम्ही हातच लावला नाहीत. माझा तो एका हाताचा, कापून मारलेला बॅकहँड शिबिरात सगळ्यांना खटकला होता. तुम्ही म्हणालात, "आत पडतोय न्हवं? मग राहू द्या." त्या एका वाक्याने माझं वर्षभराचं काम वाचलं असेल.

२०२३च्या जानेवारीत आपण पाच-सहा जण पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला गेलो होतो, बालेवाडीला महाराष्ट्र ओपन बघायला. तुम्ही मला सामन्यापेक्षा त्याआधीची चार-पाच मिनिटं बघायला लावलीत. इतके मोठे खेळाडू, पण समोरच्याला मधोमध, निम्म्या ताकदीने, एकसारखे बॉल देत होते. "बघा, ह्यांचंपण आधी हेच," तुम्ही कानात सांगितलंत. येताना गाडीत मला झोप लागली नाही.

आणि आता सर्व्हिस. खरे आभार मला इथे मानायचे आहेत. माझी सर्व्हिस कधी चुकत नसे. तव्यासारखी रॅकेट धरून बॉल समोर ढकलायचा, तो आरामात आत पडायचा. मला वाटलं, बॅकहँडसारखंच तुम्ही म्हणाल, आत पडतोय तर राहू द्या. तुम्ही उलटं सांगितलंत. "ताई, हे इथंच थांबणार. तवा सोडा, कुऱ्हाड धरा." मॅडमची ताई त्या दिवशी झाले, हेही लक्षात आहे.

तव्याच्या पकडीत बॉलला फारशी फिरकी देता येत नाही. मग तो आत पाडायचा एकच उपाय, आणखी हळू मारणं. कुऱ्हाडीसारखी धरली की रॅकेटची कड बॉलकडे वर जाते, शेवटच्या क्षणी पातं वळतं, बॉल घासला जातो आणि जाळीच्या बऱ्याच वरून जाऊनही २१ फुटांच्या चौकोनात उतरतो. पुढे हीच जास्त भरवशाची ठरणार हे तुम्हाला दिसत होतं. मला दिसत होते ते डबल फॉल्ट, लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले गुण. एका सामन्यात अकरा झाले. या वयात हे कशाला, असं मी रडवेली होऊन म्हणाले, ते २०२४च्या जानेवारीत. चार दिवसांनी तुम्ही मोबाईल पुढे केलात. रोहन बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली होती, वय ४३. "तुमच्याच वयाचा हाय," एवढंच बोललात आणि बॉलची टोपली उचललीत.

त्या सहा-आठ महिन्यांत माझ्या जोडीदारणीने मला कधी एक शब्द सुनावला नाही. मला वाटायचं तिचा स्वभावच शांत. यंदा अंतिम सामना झाल्यावर तिने सांगितलं, तुम्ही तिला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "ताईंना दिवाळीपर्यंत वेळ द्या." दादा, हे मला माहीतच नव्हतं. ऐकल्यावर मी कोर्टच्या बाकावर बसून राहिले. कुठल्या स्ट्रोकला हात लावायचा नाही, कुठला मोडून नव्याने बांधायचा हे तुम्ही ओळखलंत, ते कौशल्य मोठंच. पण तो मोडलेला असताना मला लाज वाटू नये याची काळजीही तुम्ही घेतलीत, आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत. मनापासून आभार.

अंतिम सामन्यात ड्यूसला, म्हणजे गेम बरोबरीत अडलेला असताना, माझी दुसरी सर्व्हिस होती. कुऱ्हाडीने मारली. आत पडली.

तुम्ही नाही म्हणून सकाळचं कोर्ट सुनं वाटतं, पण बंद नाही. बांबू आणि सुतळी जागेवर आहेत, दोन चिंध्या पावसाने गेल्या त्या मी नव्या बांधल्या. एक बाई नवीन येतात, शिलाईकाम करतात, रॅकेट भाच्याची. त्यांचे सगळे बॉल बाहेर जातात, जाळीत एकही नाही. खडे मोजून पाहिलं. म्हणून त्यांना सध्या सर्व्हिसच्या रेषेवर उभं करून छोट्या कोर्टात खेळवतेय. बरोबर करतेय का ते तुम्ही आल्यावर सांगा. परवा आम्ही अकरापर्यंत पोचलो.

तुमची,
सकाळच्या बॅचची ताई
सोलापूर