आज आई-बाबांनाच बोलावलंय

महोदय,

मी ५१ वर्षांची, मुलगी सात वर्षांची, माझे केस पांढरे. एवढ्या भांडवलावर लोक आमचं नातं परस्पर ठरवून टाकतात.

मंडईत एकटी असताना कुणी 'आजी, कोथिंबीर घ्या' म्हटलं तर मला काही वाटत नाही. आपल्याकडे तशी हाक मारायची पद्धतच आहे आणि भाजीवाली ती मानानंच मारते. पण मुलीचा हात हातात असला की त्याच हाकेचं नातं होतं. मध्यंतरी पालकसभेला शाळेच्या दारातच एका बाईंनी अडवलं, "आजी, आज आई-बाबांनाच बोलावलंय हो." मी खुलासा केला, त्या ओशाळल्या, विषय मिटला. म्हणजे माझ्यापुरता. मुलगी दिवसभर गप्प होती आणि रात्री म्हणाली, "स्नेहसंमेलनाला केस काळे करून येशील?"

आमची लेक दत्तक आहे. तिलाही हे ठाऊक आहे. नाव नोंदवलं तेव्हा मी ४६ची, हे ४९चे. दत्तकाच्या नियमांत नवराबायकोच्या वयांची बेरीज बघतात. ती ९०च्या वर गेली तर चार वर्षांखालचं मूल मिळत नाही, १००च्या वर गेली तर आठ वर्षांखालचं. आमची भरली ९५. तेव्हा आमच्या वयाचा हिशेब सरकारनं आधीच रीतसर मांडून झालाय, बाकीच्यांनी पुन्हा मांडायची गरज नाही.

घरी आली तेव्हा तिला चार पूर्ण झाली होती. पहिले काही महिने ती मला 'काकू' म्हणायची. एका सकाळी मी डबा भरत असताना मागून 'आई' अशी हाक आली. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही, न जाणो परत काकू म्हणायची. इतक्या उशिरानं तिच्या तोंडी आलेला शब्द कुणीतरी शाळेच्या दारात उभं राहून सहज खोडून टाकतं, राग येतो तो याचा. माझ्या सुरकुत्यांचं मला काही नाही.

आणि उशिराची आई ही आपल्याकडे नवलाई कधी होती? माझा धाकटा मामा आजीचं शेंडेफळ, स्वतःच्या थोरल्या भाच्याहून दोन वर्षांनी लहान. सासू-सून एकाच वर्षी बाळंतीण झाल्याच्या गोष्टी किती घरांत निघतील. आज २०२१चा कायदासुद्धा बाईला पन्नाशीपर्यंत टेस्ट ट्यूबचे उपचार घेऊ देतो. गंमत म्हणजे ह्यांचंही डोकं पांढरंच आहे, पण त्यांना 'आजोबा' म्हणताना लोक क्षणभर थांबतात.

तेवढंच माझ्या बाबतीतही थांबावं. शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या फाटकावर 'तुम्ही हिच्या कोण?' एवढं विचारावं. मी सांगेन, नाहीतर तीच सांगेल.

केस मी एकदा रंगवले. डोकंभर पुरळ उठलं, तेव्हा तीच म्हणाली, "राहू दे."

एसटीत मात्र आमचं बरं चाललंय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट आणि तिच्या वयाच्या मुलांनाही अर्धंच. वाईला जाताना कंडक्टर आला की मी तोंड उघडायच्या आत ती ओरडते, "आईचं एक हाफ, माझं एक हाफ!"

– एक वाचक, सातारा