आई, ती गुडघ्याची पुडी एकदम बंद करू नकोस

ती. आई आणि नाना,
सा. नमस्कार.

आई, नानांनी पाठवलेले तुझे साखरेचे रिपोर्ट पाहिले. उपाशीपोटी १०४, दुपारच्या जेवणानंतर २८६. गल्लीत सगळे म्हणतात, वय झालं की साखर होतेच. मला ते पटत नाही. आपल्याकडे कुणाला साखर नाही, मामांकडेही नाही. शिवाय सकाळी जवळपास ठीक आणि दुपारनंतर चढलेली, अशी साखर बरेचदा स्टेरॉइडमुळे होते. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने दुपार-संध्याकाळची साखर वाढते आणि रात्रीतून उतरते. नुसती उपाशीपोटी तपासली तर सापडतही नाही.

आई, बाजाराच्या दिवशी तू ती गुडघ्याची पुडी आणतेस ना, तिच्यावर ना नाव, ना तारीख. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला. पोळ्याला सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. पण कळण्याची भाकरी थापून झाल्यावर तू जमिनीवर हात टेकवून, दोनदा जोर लावून उठलीस. बांगड्यांच्या वर जांभळे डाग होते आणि कुठे लागलं ते तुला आठवत नव्हतं. मांड्यांतली ताकद जाणं, कातडी पातळ होणं, ही त्याचीच लक्षणं. मला फार काळजी वाटते.

तरीही पुडी आजच फेकू नका. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. एकदम बंद केलं तर उलट्या होतात, बीपी पडतो, जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन जळगावला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जायचं. ते सकाळची कॉर्टिसॉल तपासणी करतील आणि हळूहळू उतरवतील. पुडी कमी होईल तशी साखरही उतरेल, म्हणून साखरेची गोळीही त्यांना विचारून कमी करावी लागेल. नाहीतर साखर फार खाली जाईल. मधल्या काळात ताप आला, उलट्या झाल्या, तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात जा आणि आधी पुडीचं सांगा. गुडघ्यांचं दुखणं खरं आहे, त्यावरही नीट इलाज करू.

नाना, जिभाऊकाकांनाही सांगा. सत्तरीत अचानक साखर, वजन उतरतंय, शौच तेलकट आणि चिकट: त्यांच्या स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन व्हायलाच हवा. सूज असेल, गाठही असू शकते. स्वादुपिंडाचं काम कमी पडत असेल तर जेवणासोबत अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. इन्सुलिन सुरू झालंच तर साखर अचानक घसरण्याचा धोका त्यांना जास्त, कारण पडलेली साखर वर आणणारं ग्लुकागॉनही तिथेच तयार होतं. पथ्य म्हणून जेवण तोडू नका म्हणावं. ते आधीच वाळलेत.

मी शुक्रवारी रात्री निघते. तोवर रोज संध्याकाळच्या जेवणाआधीची साखर वहीत लिहून ठेवा. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, नानांचा दम्याचा पंपसुद्धा, एका पिशवीत भरा.

तुमची,
ताई