तुमच्या टाकीतलं एन्झाइम

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, "तुझं ते एन्झाइम नेमकं करतं तरी काय?" फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. खरं तर नोकरीची सगळी वर्षं तुम्ही त्याच्याच शेजारी काढलीत.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे त्या मोठ्या टाक्यांत, पेनिसिलिनसाठी तुम्ही जी पेनिसिलियम बुरशी वाढवायचात, तिच्या पेशीत एसीव्ही सिंथेटेज नावाचं एन्झाइम असतं. त्याचं वजन सव्वाचार लाख डाल्टनच्या (डाल्टन हे रेणू मोजायचं एकक) आसपास, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सहापटीहून जास्त, आणि सगळं एकाच सलग साखळीचं. एवढा पसारा कशासाठी? तर अमिनोॲडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्यासाठी. पेनिसिलिन बनण्याची ही पहिली पायरी. प्रत्येक अमिनो आम्लासाठी त्यात एक वेगळा विभाग असतो. आम्ही त्याला मॉड्यूल म्हणतो.

आपल्या शरीरातली प्रथिनं रायबोसोमवर तयार होतात. कोणतं अमिनो आम्ल कुठे बसवायचं, हे तिथे आरएनए सांगतो. एसीव्ही सिंथेटेजला असा सांगणारा कोणी नाही. त्याचे विभाग ज्या क्रमानं बसलेत, त्याच क्रमानं माल जोडला जातो. त्यामुळे नेहमीच्या २० अमिनो आम्लांच्या बाहेरचे कितीतरी घटक असली एन्झाइमं वापरू शकतात. अमिनोॲडिपिक आम्ल त्यातलंच एक.

रायबोसोमशिवाय पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनू शकते, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फ्रिट्झ लिपमान यांच्या गटानं १९६०च्या दशकात ग्रामिसिडिन एस या प्रतिजैविकावर काम करून दाखवलं. लिपमान यांना १९५३ सालचं नोबेल कोएन्झाइम ए हा एन्झाइमांना मदत करणारा रेणू शोधल्याबद्दल मिळालं होतं. पुढे याच कोएन्झाइमचा एक तुकडा या राक्षसी एन्झाइमांमध्ये सापडला! मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तो तुकडा म्हणजे या एन्झाइमाचा हात. फॉस्फोपँटेथीन त्याचं नाव; लांबी जेमतेम २ नॅनोमीटर, आणि टोकाला गंधक. प्रत्येक विभागात असा एक हात असतो. आधी एक भाग योग्य अमिनो आम्ल ओळखतो, एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करून त्याला तयार करतो आणि त्या गंधकावर चढवतो. मग शेजारच्या दोन हातांवरचा माल एकत्र आणून बंध जोडला जातो. स्लॅब पडताना मजूर रांगेनं उभे राहून घमेलं हातोहात पुढे देतात, तसं हे चालतं. फक्त इथे प्रत्येकजण घमेल्यात आपली भर घालून मगच पुढे देतो.

पण २ नॅनोमीटरचा हात सगळीकडे पोचत नाही. म्हणून तो ज्या भागाला जोडलेला असतो तो अख्खा भागच जागा बदलतो, आणि अमिनो आम्ल निवडणाऱ्या भागाचं शेपूट सुमारे १४० अंशांत वळतं. माझं सगळं काम या हालचालीभोवती आहे. एन्झाइमाचा आकार बघायचा तर त्याचे स्फटिक करावे लागतात, आणि जी वस्तू स्थिर राहत नाही तिचे स्फटिक करणं महाकठीण. इथे मॉन्ट्रियलमध्येच मॅकगिल विद्यापीठातल्या गटानं २०१६ आणि २०१९ साली अशा एका एन्झाइमाच्या वेगवेगळ्या अवस्था पकडल्या. एकच रेणू, पण दोन विभागांची एकमेकांशी मांडणी दर चित्रात निराळी. ती चित्रं मी अजूनही पुन्हा पुन्हा काढून बघते.

आता तुमच्या टाकीकडे येते, बाबा. तिसऱ्या विभागात व्हॅलिनचं रूप उलटवून त्याची आरशातली प्रतिमा केली जाते, आणि शेवटचा भाग तीन अमिनो आम्लांचा तयार तुकडा सोडून देतो. मग दुसरं, आकारानं छोटं एन्झाइम, पोटात लोखंड असलेलं, त्या तुकड्यातून ४ हायड्रोजन काढून घेतं आणि दोन्ही कडी, म्हणजे अणूंची वर्तुळं, बंद करतं. पेनिसिलिनचा गाभा तो हा. या पायरीला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. तुम्ही रात्रपाळीला हवेच्या दाबाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचात ना? बुरशीला श्वासासाठी हवा लागतेच, पण पेनिसिलिनचा प्रत्येक रेणू बनतानाही ती खर्ची पडते.

आणि तुम्ही वरून सोडायचात ते फेनिलॲसिटिक ॲसिड सगळ्यात शेवटी उपयोगी पडतं. अमिनोॲडिपिक आम्ल काढून त्याच्या जागी ते बसलं की पेनिसिलिन जी तयार.

आई, तुझ्याही ओळखीचं एक आहे. किडनी ट्रान्सप्लांटनंतर मावशी घड्याळ लावून जी कॅप्सूल घ्यायची, पाकीट फोडताच उग्र वास यायचा, ते सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीत सापडलेली एक बुरशी ते बनवते. त्यात ११ अमिनो आम्लं, म्हणून एन्झाइमात ११ विभाग, आणि वजन १६ लाख डाल्टनच्या वर. नवीन किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ते औषध मावशीला रोज लागायचं. प्रयोगशाळेत कंटाळा आला की मला ती आठवते.

बाबा, एक काम आहे. फेनिलॲसिटिक ॲसिड जास्त झालं की बुरशीला बाधतं, म्हणून ते थोडं थोडं सोडावं लागतं, एवढं पुस्तकात आहे. पण तुमच्या शिफ्टला ते कधी आणि किती सोडायचं, हे कशावरून ठरवायचात? फेसावरून, रंगावरून, की फक्त लॅबच्या आकड्यांवरून? आठवेल तसं आईला सांगा, ती लिहून घेईल. मला ते खरंच हवं आहे.

आई, गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस. बाबा, बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
मनू