अनुदान सायकलीला नको, रस्त्याला द्या

सायकलचा वापर वाढावा म्हणून खरेदीवर सरकारी अनुदान द्यावे, असे सुचवणारा लेख वाचला. हेतू चांगला आहे, पण पैसा चुकीच्या जागी जाईल असे वाटते. जिन्याखाली हवा गेलेली, सीटवर धूळ साचलेली सायकल कितीतरी घरांत असतेच. ती बाहेर निघत नाही, कारण मागून येणाऱ्या बसची धास्ती असते. स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत वाहनांपासून वेगळे केलेले, सुमारे ८० किलोमीटरचे सलग मार्ग बांधले आणि एरवी क्वचित दिसणारे सायकलस्वार तिथे सर्रास दिसू लागले. यात ‘सलग’ महत्त्वाचे. मार्ग नेमका चौकाच्या तोंडाशी संपला (आणि बहुधा तो तिथेच संपतो), तर मागे उरलेला रंगीत पट्टा गाड्या उभ्या करण्यापुरताच कामाचा. वाहतुकीवरील खर्चातला किमान २० टक्के वाटा पादचारी आणि सायकलस्वारांसाठी ठेवावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्येच सुचवले होते. आधी त्याच्या निम्मी तरी तरतूद होऊ द्या. अनुदानाचे मग बघता येईल.